पहिल्या पानाचा मान

“मग ठेवून घेता ना त्यांना?”

हेरंबनं दुसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा गोदाआत्यांनी पळसाचं एक पान उचलून पत्रावळीला टाचलं होतं. आताही त्यांनी तेच केलं.

“आत्या…”

“ऐकते आहे. कान शाबूत आहेत माझे.”

गोदाआत्या म्हणजे गिरणा नदीकाठच्या त्या लहानशा मठाच्या प्रमुख. आसपासच्या गावांतली माणसं त्यांच्यापुढे वाकत, आणि वाकणाऱ्याला आत्या आधी ‘जेवलास का?’ म्हणून विचारत. कॉलेजात असताना हेरंब सुट्टीत त्यांच्याकडे ध्यान शिकायला यायचा. तेव्हापासून तो स्वतःला त्यांचा शिष्य म्हणवून घेई. आत्यांनी त्याला कधी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं.

आता तो नाशिकला असायचा. स्वतःचा कारखाना होता, आणि वर वेळ कसा वाचवावा हे लोकांना शिकवत तो गावोगाव फिरायचा. या फिरण्यात त्याचा स्वतःचा वेळ कुठे जातो, हे मात्र त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशीही दुपारी त्याचं धुळ्याला व्याख्यान होतं. म्हणजे अण्णांना मठात सोडायचं आणि तसंच पुढे निघायचं. एका फेरीत दोन कामं.

अण्णा त्याचे वडील. ते ओसरीच्या दुसऱ्या टोकाला खांबाला टेकून बसले होते. पायाशी बॅग. एकेकाळी ते मालेगावच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते आणि गाडी जरा जरी रेंगाळली तर ड्रायव्हर त्यांची नजर चुकवायचे. आता त्यांच्या हातांना कंप सुटला होता. एका हातानं दुसरा हात धरून बसायची त्यांना सवय झाली होती.

त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून हेरंब आवाज खाली ठेवून बोलत होता. आणि ऐकू येतंय हे त्याला कळू नये म्हणून अण्णा अंगणातल्या चाफ्याकडे पाहत होते.

आत्यांनी आणखी एक पान टाचलं. हेरंबला राहवलं नाही.

“हातानं कशाला लावता या पत्रावळी? आता मशीन मिळतं, आत्या. तासाला शेकडो निघतात.”

“मग तासाला शेकडो जेवणारे आण.”

हेरंब हसला. मग हसण्यात वेळ चाललाय हे ध्यानात येऊन पुन्हा गंभीर झाला.

“कुठे अडतं तुझं?” आत्यांनी विचारलं.

“जेवणापाशी.”

“भूक लागत नाही?”

“माझं नाही हो. अण्णांचं.”

आणि मग तो धो धो बोलायला लागला. पहाटे व्यायाम, मग ध्यान, मग कारखाना. केतकीची, म्हणजे बायकोची, बँकेतली नोकरी. लेकीचं, सईचं, दहावीचं वर्ष. सगळ्यांनी मिळून बसायचं असं एकच रात्रीचं जेवण. आणि तिथे अण्णांचा एकेक घास ताटातून तोंडापर्यंत यायचा म्हणजे वाट बघून जीव जायचा. भरवायला माणूस ठेवला तर अण्णा तोंड मिटून घ्यायचे. सईचा अभ्यास खोळंबायचा, केतकीची दुसऱ्या दिवसाची तयारी खोळंबायची, हेरंबचे फोन खोळंबायचे.

“मग मीच मार्ग काढला,” हेरंब म्हणाला. “अण्णांचं ताट त्यांच्या खोलीत. आमच्या आधी. तिथे त्यांना कुणाची घाई नाही आणि आमचंही अडत नाही.”

“छान.”

“छानच होतं. पण आता ते जेवतच नाहीत! दोन घास खातात नि ताट सरकवतात. डॉक्टर म्हणतात, कंप सोडला तर काही नाही. सासरहून वृंदाताई फोनवर रडते, अण्णा किती वाळलेत, तुझं लक्ष नाही. बरं, तिच्याकडे न्यावं तर तिसरा मजला, लिफ्ट नाही. केतकी म्हणते, काय ते ठरव, पण ठरव एकदाचं. सगळ्यांना वाटतं मी काहीतरी करावं. मी करतोच आहे ना, आत्या? दिवसभर करतोच आहे!”

शेवटचं वाक्य जरा मोठ्यानं गेलं. चाफ्यावरची अण्णांची नजर हलली.

“जागा छान आहे रे,” अण्णा तिथूनच म्हणाले. “मोकळी हवा आहे. मला आवडेल इथे.”

हेरंबला सुटल्यासारखं वाटलं. आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणून लाजही वाटली. पण लाजायलाही त्या दिवशी सवड नव्हती.

“बघा, त्यांनाही पटलंय,” तो आत्यांना म्हणाला.

आत्यांनी अण्णांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं…

“जेवणं होऊ देत. मग सांगते.”

“मला लवकर निघायचंय, आत्या.”

“म्हणूनच तर. आज पहिलं पान तुझं.”

मठाची रीत होती तशी. पंगतीत पहिलं पान पाहुण्याचं. त्यानं पहिला घास घेतला की पंगत जेवायला लागायची आणि तो उठला की पंगत उठायची. मग कुणाच्या पानात काय उरलंय हे बघायचं नाही. आणि एकदा उठलं की त्या पानावर पुन्हा बसायचं नाही. हेरंबला हे सगळं माहीत होतं. त्यांच्या घरीही, सगळे काका एकत्र राहत होते तोवर, अशीच रीत होती. पण माहीत असणं वेगळं आणि वेळेवर आठवणं वेगळं. त्याच्या डोक्यात तेव्हा धुळं होतं.

पंगत लहानशीच. गावातली चार माणसं, मठाचा पंप दुरुस्त करायला आलेले अन्वरभाई, वाढायला काशीबाई. अण्णा खालच्या टोकाला बसले. त्यांच्या एका बाजूला अन्वरभाई, दुसऱ्या बाजूला शेवटच्या पानावर गोदाआत्या.

बेत वरण-बट्टीचा होता. बट्टी हातानं कुस्करायची, मध्ये खळगा करायचा, त्यात वरण घालायचं आणि वर तुपाची धार. थरथरत्या बोटांना हे केवढं काम! कुणीही ‘द्या, मी करून देतो’ म्हणालं नाही. अण्णा एकेक तुकडा दाबत राहिले. एक निसटला आणि घरंगळत अन्वरभाईंच्या पानात गेला.

अन्वरभाईंनी तो उचलून तोंडात टाकला.

“अजून पाठवा,” ते म्हणाले.

अण्णा हसले. कितीतरी दिवसांनी हसले असतील. पण ते हेरंबला दिसलं नाही, कारण तो घड्याळात बघत होता.

त्याचं जेवण म्हणजे गाडीत पेट्रोल भरण्यासारखं. अण्णांची बट्टी कुस्करून होईपर्यंत याचं पान स्वच्छ. तो उठला, आणि उठताना आपल्याकडे म्हणतात तसं, अगदी मनापासून म्हणाला,

“सावकाश होऊ द्या हं सगळ्यांचं!”

आणि पंगत उठली.

गावातली माणसं उठली. अन्वरभाई उठले. गोदाआत्या उठल्या, त्यांनी तर जेमतेम सुरुवात केली होती. काशीबाई दुसऱ्यांदा वाढायला तूप घेऊन निघाल्या होत्या, त्या तशाच थांबल्या.

अण्णांची बट्टी आत्ता कुठे कालवून झाली होती. पहिला घास त्यांच्या बोटांत होता. त्यांनी तो पानात परत ठेवला, आत्यांच्या हाताचा आधार घेतला आणि उठले.

कुणाच्या कपाळाला आठीसुद्धा नाही…

“अहो, बसा! बसा ना! मला नुसतं निघायचं होतं…” हेरंब गडबडून गेला. “अण्णा, तुम्ही कशाला उठलात?”

“झालं की माझं,” अण्णा म्हणाले.

ते हात धुवायला गेले. काशीबाईंनी पानं गोळा केली आणि गोठ्यात नेऊन गाईंपुढे ठेवली. अण्णांचं पान नेताना त्यांनी ते दोन्ही हातांनी उचललं, कारण ते भरलेलं होतं.

हेरंब आत्यांच्या मागे ओसरीवर गेला. चिडला होता. माणूस चुकला आणि कुणी रागावलंच नाही, की त्याला दुसरं काय सुचणार?

“ही कसली रीत, आत्या? एक माणूस उठला म्हणून सगळ्यांनी उपाशी उठायचं?”

“हो.”

“जाच आहे हा!”

“ज्याच्या त्याच्यावर आहे.”

“कुणावर?”

आत्या पुन्हा पत्रावळी घेऊन बसल्या.

अण्णा हात पुसत आले. खांबाला टेकले.

“बट्टी फार सुरेख झाली होती,” ते म्हणाले. “तूप घरचं दिसतंय.”

हेरंबनं वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी एकही घास खाल्ला नव्हता. त्याला वाईट वाटू नये म्हणून हा माणूस न खाल्लेल्या बट्टीची तारीफ करत होता, आणि सकाळी धड न पाहिलेल्या जागेचीही त्यानं अशीच तारीफ केली होती. घरी खोलीतलं ताट सरकवताना ‘पोट भरलं रे’ म्हणायचे, तेही…

तो खाली बसला. काशीबाईंनी अण्णांना दूध-केळं आणून दिलं. अण्णा वाटी दोन्ही हातांत धरून हळूहळू खाऊ लागले. हेरंब बघत राहिला, आणि बघता बघता त्याला त्यांचं मालेगावचं स्वयंपाकघर दिसायला लागलं.

सगळे काका ओळीनं बसलेले. पहिल्या पानावर अण्णा. अगदी खाली छोटा हेरंब, भाजीतल्या मिरच्या, कढीपत्ता, मोहरीसुद्धा वेचून बाजूला काढणारा. सगळ्यांची जेवणं व्हायची, काकांचे हात वाळायचे, आजी हसायची. आणि अण्णा आपल्या पानातला ताकभाताचा शेवटचा घास बोटांनी इकडून तिकडे फिरवत बसायचे. बाहेर सायकल तयार, स्टँडवर ड्यूटी. तरी बसायचे. अण्णाही आपल्यासारखेच सावकाश जेवतात, असं हेरंबला पार मोठा होईपर्यंत वाटायचं.

“अण्णा,” तो म्हणाला, “तुम्ही पंगतीत तो एक घास ठेवून का द्यायचात?”

“कुठला?”

“ताकभाताचा.”

अण्णांना आठवायला वेळ लागला. मग ते खुदकन हसले.

“तू शेवटी एकटा राहिलास की भोकाड पसरायचास.”

बस्. एवढंच कारण होतं.

हेरंब उठून अंगणात गेला. डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दिसले तरी चालतील एवढा मोठा तो अजून झाला नव्हता. त्यानं नाक पुसलं, धुळ्याला फोन लावला आणि आज जमणार नाही म्हणून सांगितलं. पलीकडचा माणूस तावातावानं बोलत होता. हॉल भरलाय, पाहुणे आलेत, आणि सर, आजचा विषय ‘दिलेली वेळ’! हेरंबनं सगळं ऐकून घेतलं. चूक आपली आहे म्हणाला, पुन्हा येईन म्हणाला.

परत आला तेव्हा आत्यांचा पत्रावळींचा गठ्ठा बांधून झाला होता.

“संध्याकाळचं पहिलं पान कुणाचं, आत्या?”

“पाहुणा कोण आहे?”

“मीच.”

“मग विचारतोस काय?”

संध्याकाळची पंगत दिवस मावळायच्या आत बसली. खिचडी आणि कढी. पंपानं दगा दिला होता म्हणून अन्वरभाईही होते.

हेरंबनं पहिला घास घेतला. सवयीनं तो भराभर जेवला आणि मग एकदम थबकला. पानात जेमतेम एक घास उरला होता. तो त्यानं बाजूला सारला आणि त्याच्याकडे बघत बसला.

बसणं सोपं नव्हतं. खिशातला फोन थरथरला. डावा हात तिकडे गेला, परत आला. पुन्हा गेला, पुन्हा परत आला. उजव्या हाताची बोटं वाळून चिकट झाली. पाय अवघडला. ध्यानाला बसताना याच्या निम्म्यानंही पाय अवघडत नसे. अण्णांच्या पानाकडे बघावं तर खिचडी अजून निम्मीही सरलेली नव्हती.

“काशीबाई, थोडी कढी,” अण्णा म्हणाले.

काशीबाईंनी वाढली. जरा वेळानं अण्णांनी पुन्हा मागितली. हेरंबनं डोळे मिटून घेतले.

आणि मग, हात वाळवत बसलेली पंगत बोलायला लागली. बसून करणार काय? अन्वरभाईंनी एस.टी.चा विषय काढला. अण्णांचे डोळे लकाकले.

“एकदा काय झालं,” अण्णा म्हणाले, “लग्नाचं वऱ्हाड चाललं होतं. आमच्या स्टँडवर नवरदेव चहाला उतरला, आणि गाडी वेळेवर सुटली.”

“नवरदेवाला सोडून?”

“मुंडावळ्या बांधून स्टँडवर उभा! कपबशी हातात!”

“मग?”

“मग मी फोन लावला, पुढच्या थांब्यावर गाडी अडवली, आणि त्याला मागच्या जीपमधून धाडला. ती गाडी त्या दिवशी चांगलीच लेट झाली. साहेबांनी मला बोलावून घेतलं, कारण विचारलं. म्हटलं, साहेब, वऱ्हाड वेळेवर पोचून करणार काय?”

पंगत खो खो हसली. काशीबाईंनी कढीचं पातेलं खाली ठेवून हसून घेतलं. हेरंबही हसला, आणि हसता हसता त्याच्या मनात आलं, आपण हे कधीच ऐकलं नव्हतं. एका घरात राहून हे कसं ऐकलं नाही?

गोष्टीच्या नादात अण्णांची खिचडी संपली होती. पानातली कढी त्यांनी बोटानं निपटली. पान चाटूनपुसून साफ.

तेव्हा हेरंबनं आपला घास उचलला. खिचडी गार गोळा झाली होती. त्यानं ती सावकाश खाल्ली.

वरच्या पानाकडे अण्णांची नजर गेली. त्यांनी त्याला तो घास घेताना पाहिलं. बराच वेळ त्यांची मान हलत राहिली आणि ती कंपानं हलत नव्हती.

हात धुऊन हेरंबनं घरी फोन लावला.

“अण्णांना परत आणतोय.”



“बरं झालं,” केतकी म्हणाली. “सकाळपासून त्या खोलीकडे बघवत नाहीये. सईही गप्प आहे. पण रोजचं कसं करायचं ते आपण मिळून बघू, हेरंब. तू गाडीतच सगळं ठरवून येऊ नकोस.”

“नाही ठरवत,” तो म्हणाला. निम्मं ठरवून झालं होतं, ते त्यानं सोडून दिलं.

त्यानं ओसरीवरची बॅग उचलली. अण्णा बघत होते.

“सामान कुठे नेतोस?”

“घरी. तुम्ही येता?”

अण्णा एकदम हो म्हणाले नाहीत. मानी माणूस. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग हेरंबकडे.

“खिडकी मिळेल?”

“पुढची. रिझर्व्ह आहे तुमच्या नावानं.”

अण्णा उठले. गाडीत बसता बसता त्यांनी अन्वरभाईंना हात केला, काशीबाईंना हात केला, आणि सुटणाऱ्या गाडीकडे बघावं तसं एकदा सगळ्या मठाकडे पाहून घेतलं. चेहरा असा फुलला होता की हेरंबला त्यांच्याकडे नीट बघता येईना.

तो आत्यांच्या पाया पडला. पण लगेच गाडीत बसला नाही. दार धरून उभा राहिला.

“आत्या, खरं सांगू? मला धास्ती वाटते. आज एक दिवस झालं. हे रोज कसं व्हायचं? सई नाही बसली, केतकी नाही बसली तरी मी बसेन, हे नक्की. पण माझ्या बरोबरीचे सगळे कुठल्या कुठे पोचलेत. ते थांबणार नाहीत माझ्यासाठी. मी मागे पडेन, आत्या.”

गोदाआत्या गाडीच्या पलीकडल्या बाजूला गेल्या. खिडकीतून हात घालून त्यांनी अण्णांच्या गुडघ्यांवरची शाल सारखी केली.

“पड की,” त्या म्हणाल्या. “अण्णांना सोबत होईल.”